पंचवीस फुटांवरची भिंत

१

गाडीच्या दिव्याचा बल्ब बदलायला वीस मिनिटं लागतात. बॉनेट उघडायचं, मागची रबरी टोपी काढायची, जुना बल्ब काढून नवा बसवायचा, टोपी लावायची आणि हात धुऊन चहाला बसायचं. या वीस मिनिटांच्या कामाने नापासरावांच्या पाच आठवडे नाकी नऊ आणले होते.

नापासराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात हा माणूस एकतीस वर्षं एकाच स्टुलावर बसला. समोर उजेडाचा पांढरा पडदा, पडद्यापुढून बाटल्यांची रांग सरकतेय, आणि हे डोळे लावून बसलेत. काचेत बुडबुडा दिसला, नापास. केसाएवढा तडा दिसला, नापास. कारखान्यातल्या टवाळांनी नाव ठेवलं, ते घरापर्यंत आलं, आणि बायकोने तर हौसेने उचललं. निवृत्त झाले तरी खोड जाते कुठे? शर्टाची शिवण, कपाचा कान, शेजाऱ्याचा जावई, यांच्या नजरेतून काही म्हणून सुटायचं नाही.

त्यांची एकुलती एक लेक, ठमी, दुधाच्या डेअरीत तपासनीस होती. सकाळी सहाला दुधाचे टँकर फाटकाशी उभे राहत आणि ठमीने नमुना तपासून होकार दिल्याशिवाय त्यांतला थेंबही आत जात नसे. म्हणून ती पावणेपाचला घर सोडायची. तीस किलोमीटरचा रस्ता, त्यातले वीस कालव्याच्या काठाने, आणि त्या विसांत दिव्याचा एक खांब असेल तर शपथ. एक दिवस जेवताना ती सहज म्हणाली, "बाबा, गाडीचे दिवे बघा ना जरा. उजेड पडतो, पण मधोमध काळं राहतं."

"मधोमध म्हणजे?"

"रस्त्याच्या मधे. पुढे कुठेतरी. मी जाते तसं तेही पुढे पुढे जातं. तसं काही अडत नाही, सवय झालीय आता."

सवय झालीय! नापासरावांचा घास हातातच राहिला. लेक काळोखात कालव्याच्या कडेने गाडी हाकते आणि म्हणते सवय झालीय. सदोष माल सवयीने चालवून घ्यायचा असता तर एकतीस वर्षं डोळे फोडून घेतले कशाला?

२

त्यांची इमारत सहा मजली होती आणि गाड्या तळघरात लागत. तिथे भर दुपारीही अंधार असे, त्यामुळे दिवे तपासायला जागा झकास. पलीकडची भिंत कोरी, पांढरी. दिव्यांचा उजेड नीट पडतोय का हे बघायची एक ठरलेली रीत असते. जमीन सपाट हवी, गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर नाकासमोर उभी करायची, एक दिवा पोत्याने झाकायचा आणि दुसऱ्याचा उजेड भिंतीवर कुठे पडतो तिथे चिकटपट्टी लावायची. मग तो झाकून पहिला उघडायचा. नापासरावांनी फीत लावून पंचवीस फूट मोजले. इंचाचाही फरक नाही.

डाग होता.

उजेडाच्या पट्ट्यात, बरोबर मध्ये, खालपासून वरच्या कडेपर्यंत एक उभा काळसर पट्टा. कडा पुसट, भिंतीला ओल आल्यासारख्या. रुंदी पंधरा इंच. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी. दिव्याची काच पुसली, बल्ब बदलून डाव्याचा उजवीकडे लावला. डाग जिथल्या तिथे.

"जुने पिवळे बल्ब," ते घरी येऊन बायकोला म्हणाले. "जीव गेलाय त्यांचा. झेनॉन टाकतो."

"ते काय असतं?"

"तार नसते त्यात. वायू असतो. ठिणगी पडते न् पांढरा लख्ख उजेड. कडा अशा कापल्यासारख्या दिसतात."

"मग टाका बाई. निदान तळघरातून वर याल."

३

दुकानदार तोंडाचा गोड माणूस होता. त्याने काउंटरवर खोकी मांडली आणि खोक्यांवर छापलेले आकडे म्हणायला लागला. चार हजार तीनशे, पाच हजार, सहा हजार, आठ हजार.

"आकडा वाढला की उजेड वाढतो?" नापासरावांनी विचारलं.

"काका, आकडा वाढला की रंग बदलतो. चार हजार तीनशे जरा पिवळसर, पाच हजार पांढरा, सहा हजार दुधी, आठ हजार निळा. तरुण पोरं आठच नेतात. लांबून दिसतात ना गाडी आली की."

"मला दिसायला हवंय. दिसून काय करू?"

"मग चार हजार तीनशे घ्या. खरा उजेड त्याचाच. फक्त काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की बल्ब जळतो."

बोट लावायला नापासराव काय दूधखुळे होते? त्यांनी बल्ब रुमालात धरून बसवले. बटण दाबलं तसा दिवा आधी निळसर थरथरला, मग हळूहळू स्थिर झाला आणि भिंत अशी उजळली की गिलाव्याचे कण मोजून घ्यावेत.

डागही उजळला म्हणायचं का? कारण तो आता नीट दिसत होता. कडा स्पष्ट. आणि रुंदी पंचवीस इंच.

त्यांनी तीनदा मोजलं. मग डावा दिवा झाकला. डाग हातभर डावीकडे सरकला. उजवा झाकला, डाग उजवीकडे. हे मात्र त्यांना अजिबात आवडलं नाही. बल्बात खोट असती तर डाग त्या दिव्याबरोबर राहिला असता. हा उलट्या अंगाला जात होता, मधे काहीतरी आड आल्यासारखा. ते गाडीपुढे गेले आणि दोन्ही हात पसरून भिंतीपर्यंत चालत गेले. आड काही नव्हतं. स्वतःचाच त्यांना राग आला. आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखे हात पसरून फिरणारा एक म्हातारा, आणि वरून कुणी गाडी काढायला आलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी ते बल्ब घेऊन दुकानात हजर. दुकानदाराने शटर अर्धं ओढून त्यावर उजेड पाडून दाखवला. निर्मळ. तांदळाच्या दाण्याएवढाही ठिपका नाही.

"इथे नाही, माझ्याकडे आहे," नापासराव म्हणाले.

"काका, बल्ब उजेड देतो हो. अंधार कुठून देईल?"

बाजूचं गिऱ्हाईक फिसकन हसलं. नापासरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पाच हजारांची जोडी उचलली आणि बाहेर पडले.

४

पाच हजारांनी डाग बेचाळीस इंच झाला.

आणि त्याच्यामध्ये एक चीर दिसायला लागली. खालून वर जाणारी उजेडाची बारीक चीर, डागाचे दोन भाग करणारी. खाली रुंद, वर निमुळती होत मिटलेली. नापासराव बराच वेळ बघत राहिले. कशासारखं दिसतंय हे त्यांना कळत होतं, पण कळलेलं सगळं मनाशी उच्चारायलाच हवं असं थोडंच आहे?

त्यांनी बायकोला हाक मारून खाली बोलावलं.

"डाग दिसतो का?"

"दिसतो की. मला वाटलं तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय."

जिवावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी ते दुप्पट झालं. मोतीबिंदू परवडला असता.

"जरा दिव्यापुढे जाऊन उभी राहा."

"आता हे काय नवीन?"

"अगं राहा ना! सावली मोजायचीय."

ती कुरकुरत भिंतीपाशी गेली. तिची सावली तिच्याएवढीच पडली. "ये पुढे," ते म्हणाले. ती जसजशी गाडीकडे येत गेली तसतशी सावली रुंद होत गेली, दिव्याजवळ आलं की होतेच. गाडीपासून नऊ फुटांवर तिची सावली डागाएवढी झाली. तेवढीच रुंद, तशीच दोन भागांची, तिच्या दोन पायांमधल्या उजेडाची चीर धरून. दोन्ही सावल्या भिंतीवर एकमेकींत मिसळल्या होत्या.

"थांब तिथेच. खडू आणतो."

"मी नाही थांबत." ती झटकन बाजूला झाली आणि कोपर चोळायला लागली.

"काय झालं?"

"काही नाही."

"अगं पण काय झालं सांगशील का?"

"गर्दीत कुणाला खेटून उभं राहिल्यासारखं वाटलं," ती म्हणाली. "अहो, पुरे झालं हे. वर चला. आणि मला परत इथे बोलावू नका."

एरवी नापासरावांची टर उडवायची एक संधी न सोडणारी बाई, पण त्या दिवशी ती नुसती कोपर चोळत जिना चढून गेली. नापासराव मात्र स्वतःशी भांडत बसले. तळघरात गारवा असतोच. वय झालं की भास होतात. एकाच वस्तूत खोट दिसली तर वस्तू नापास, पण ओळीने तीन वस्तूंत तीच खोट दिसली तर पडदा तपासावा, दिवा तपासावा, हा कारखान्याचा नियम होता. दिव्यापुढचं भिंग! भिंगातच काहीतरी असणार. त्यांनी भिंग उतरवून पुसलं, तारा बदलल्या, दिव्याला वीज देणारी डबीही बदलली. काही काही म्हणून फरक पडला नाही.

रात्री त्यांनी ठमीला विचारलं, "काळं दिसतं अजून?"

"दिसतं. जवळ आलंय पण आता." ती मोबाइलमध्ये बघत बोलत होती. "खरं सांगू? आधी बरं वाटायचं. कुणीतरी पुढे चाललंय, आपण मागे जातोय, असं. आता चाकाखाली येईल की काय वाटतं."

५

सहा हजारांची जोडी त्यांनी दुसऱ्या दुकानातून आणली. पहिल्या दुकानदाराचं तोंड बघायची इच्छा नव्हती. दुपारची तीनची वेळ, तळघरात चिटपाखरू नाही, वरून कुणाच्या तरी घरातला मिक्सर ऐकू येत होता. दिवा थरथरला, दुधी झाला, आणि नापासरावांना आधी वाटलं की एकच बाजू पेटली. जवळजवळ अर्धी भिंत काळी होती.

सव्वाशे इंच.

ते गाडीत बसले होते. समोर बॉनेट, बॉनेटच्या पुढे रिकामी जमीन. स्वच्छ रिकामी. फरशीवरचा तेलाचा डागही दिसत होता. आणि भिंतीवर मात्र दोन खांबांसारखं ते काळं, मधे उजेडाची फट. खालच्या दिव्याचा उजेड कंबरेएवढाच वर जातो. त्याच्या वर काय आहे हे बघायचं तर मोठा दिवा लावायला हवा.

कशाला बघायचं? काही नडलंय? असं त्यांनी स्वतःला विचारलं. पण एकतीस वर्षं ज्याने बाटली फिरवून फिरवून पाहिली त्याला अर्धी बाटली बघून उठता येत नाही. त्यांनी स्टिअरिंगजवळची दांडी ओढली.

सगळी भिंत उजळली. छतसुद्धा. खांब वर चढत गेले, एक झाले, रुंद झाले आणि छतावर वाकले. एक हात खाली लोंबत होता. दुसरा वर उचललेला, कोपरात दुमडून कपाळाशी आडवा धरलेला. डोळ्यांवर झोत आला की माणूस धरतो तसा.

म्हणजे तोंड गाडीकडे होतं.

नापासरावांनी चावी फिरवून सगळं बंद केलं. काळोखात ते तसेच बसून राहिले, काचा वर करून, श्वासाचा आवाज न करता. वरचा मिक्सर थांबला, परत सुरू झाला. त्यांनी मनातल्या मनात सांगून पाहिलं, भिंगावर तडा असेल, बल्ब अजून तापला नव्हता, दांडी धरलेला स्वतःचाच हात काचेत दिसला असेल. तिन्ही कारणं एका दमात सुचली आणि तिन्ही नापास झाली. ते उतरले ते गाडीच्या पुढून गेले नाहीत. मागून वळसा घालून, भिंतीला पाठ घासत जिन्यापर्यंत गेले.

६

संध्याकाळी त्यांनी ठमीला सांगितलं, गाडी न्यायची नाही. चावी त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली होती.

"अहो बाबा, मग जाऊ कशी? त्या वेळेला बस तरी आहे का?"

"रजा टाक."

"दिव्यात डाग आहे म्हणून रजा? साहेबांना काय सांगू, बाबांना भिंतीवर काहीतरी दिसतं?"

"तुझ्या आईलाही दिसतं!"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. ठमीने एकदा तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाबा, पाच आठवडे झाले. जुने बल्ब होते तेव्हा ते लांब होतं, माझं मी बघत होते. तुम्ही दर वेळी नवं काहीतरी आणता आणि जास्तच होतं. उद्या सकाळपर्यंत करा काय ते. नाहीतर आहे तशी नेईन."

नापासरावांना खूप लागलं ते. तिच्यासाठीच चाललं होतं ना हे सगळं? दुकान बंद व्हायला अर्धा तास होता. ते अक्षरशः धावत पहिल्याच दुकानात गेले. दुकानदाराने त्यांचा चेहरा पाहिला आणि या वेळी विनोद केला नाही. आतून एक खोकं आणलं. "गाडीला कंपनीतून लागून येतो तसला अस्सल माल आहे, काका. याच्यावर माझ्याकडे काही नाही. हाही नाही चालला तर मीच हात टेकले."

ते तसेच तळघरात उतरले. बल्ब बसवले. बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. दहा आकडे मोजले. उघडले.

भिंत कोरी होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, स्वच्छ, सारखा उजेड. त्यांनी डावा दिवा झाकला, उजवा झाकला. दांडी ओढून मोठा दिवा लावला. नुसती भिंत, नुसतं छत. डाग गेला होता. एकतीस वर्षांत एकाही बाटलीला त्यांनी इतक्या आनंदाने पास केलं नसेल. ते भिंतीपाशी जाऊन तिच्यावर थाप मारून आले, बॉनेटवरही थाप मारली, आणि वर जाऊन चावी त्यांनी स्वतःच्या हाताने लेकीच्या हातात ठेवली. "घ्या राणीसाहेब. आता बोला!"

त्या रात्री पाच आठवड्यांनी त्यांना गाढ झोप लागली.

७

पावणेपाचला ठमी निघाली. खिडकीतून त्यांनी गाडी वळताना पाहिली. रस्ता दिवसासारखा उजळला होता. ते समाधानाने टेबलापाशी बसले, बायकोने चहा पुढे ठेवला. गेले पाच आठवडे वहीत मापं लिहून ठेवली होती, आता शेवटची ओळ लिहून प्रकरण मिटवायचं होतं. पंधरा, पंचवीस, बेचाळीस, सव्वाशे, आणि शून्य.

लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. पंधरापासून सव्वाशेपर्यंत वाढत गेलेली वस्तू एकदम शून्य कशी होते?

बायको नऊ फुटांवर उभी होती तेव्हा तिची सावली बेचाळीस इंच पडली होती. मग बाकीचं गणित शाळेतल्या पोरालाही आलं असतं. पंधरा इंच म्हणजे भिंतीला पाठ लावून, पंचवीस फुटांवर. पंचवीस इंच म्हणजे पंधरा फूट. बेचाळीस म्हणजे नऊ. सव्वाशे म्हणजे तीन फूट, हात लांब केला तर बॉनेटला लागेल इतकं. प्रत्येक नव्या बल्बाला ते पुढे आलं होतं. चहावर साय धरली तरी ते त्या शून्याकडे बघत होते. दिव्यापुढे जे आहे त्याची सावली पडते. जे दिव्याच्या मागे गेलं त्याची कशी पडेल?

दिव्याच्या मागे बॉनेट. बॉनेटच्या मागे काच. काचेच्या मागे...

त्यांनी फोन लावला. आकडे दाबताना दोनदा चुकले. ठमीने लगेच उचलला. तिचा मोबाइल गाडीतल्या स्टँडवर असायचा आणि ती बोलत बोलत चालवायची.

"बाबा! काय दिवे आहेत हो! रस्ता धुतल्यासारखा दिसतोय. मानलं तुम्हाला."

"कुठे आहेस?"

"कालव्यावर. अर्धा झाला."

"ठमे, शेजारी कोण आहे?"

"कुठे?"

"गाडीत. शेजारच्या सीटवर."

"माझी पिशवी आहे." ती हसली. "का हो? डबा राहिला का घरी? एक मात्र बघा आल्यावर. काच आतून धुरकट होतेय. माझ्यापुढची नाही, शेजारच्या सीटपुढची. तेवढाच गोल. आत्ता पुसली मी, परत वाफ धरलीच बघा. हवा कुठून लागते कळत नाही."

बायको टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. तिने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"ठमे, ऐक," नापासराव म्हणाले. आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाले. "गाडी कडेला घे. दिवे चालू राहू देत. आणि दार उघडून खाली उतर. पिशवी घेऊ नकोस, त्या बाजूला बघू नकोस, फक्त उतर."

"इथे? अंधारात? बाबा, काय झालंय तुम्हाला?"

"उतर म्हणतो ना!"

पलीकडे गाडीचा घरघराट कमी होत गेल्याचं त्यांना ऐकू आलं. ती ऐकत होती तर. पोरगी ऐकत होती. मग तिचा आवाज आला, जरासा काळजीचा.

"थांबवतेय. पण तुम्ही आधी खाली बसा बघू कुठेतरी, पाणी प्या. केवढ्यांदा श्वास घेताय, माझ्या कानाशी घेतल्यासारखा येतोय."

नापासरावांनी तर मघापासून श्वास रोखूनच धरला होता.